चित्रातली बाई आणि छायाचित्रातली बाई

एखादा छायाचित्रकार पहिल्यांदा व्यावसायिक मॉडेलचे विवस्त्र छायाचित्र काढतो, तेव्हाच्या त्याच्या मनःस्थितीवर पुष्कळ लिहिले जाते. छातीतली धडधड, डोळे कुठे ठेवावेत हा संकोच, आणि थोड्या वेळाने देह विसरून नुसता प्रकाश दिसू लागणे. समोर जी उभी आहे तिच्यासाठी मात्र तो कामाचा दिवस असतो. खोलीत गारठा किती, एकाच स्थितीत किती वेळ राहायचे, मधल्या वेळी अंगावर घ्यायला चादर आहे का, पैसे किती मिळणार आणि हे चित्र पुढे कुठे छापले जाणार, या तिच्या विवंचना. आमच्या समीक्षेने पहिल्या माणसाची बाजू भरपूर मांडली. दुसऱ्या माणसाकडे क्वचितच पाहिले.

आम्ही उर्दू शिकवतो. उर्दूत ‘उर्यानी’ वेगळी आणि ‘फहाशी’ वेगळी. हा भेद न्यायालयाला समजावून सांगण्यात मंटोचे आयुष्य गेले. त्याच्यावर सहा वेळा खटले भरले गेले, फाळणीपूर्वी तीनदा आणि नंतर तीनदा. पण मंटोच्या कथेतल्या बाईला कोणी समन्स पाठवू शकत नव्हते. ती कागदावर होती.

चित्रातल्या बाईचेही तसेच. 1954 साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांचे प्रदर्शन होते. ‘लव्हर्स’ या चित्रावर पोलिसांनी आक्षेप घेतला, ते उतरवायला सांगितले. पदमसींनी नकार दिला, अटक पत्करली आणि पुढे ते निर्दोष सुटले. विशी-पंचविशीतल्या तरुणाने दाखवलेले हे धैर्य आमच्या समाजातल्या किती लोकांना ठाऊक आहे, हा प्रश्न आहेच. पण कॅनव्हासवरच्या त्या दोन आकृतींपैकी कोणालाही पोलीस चौकीत नेता येत नव्हते, हेही लक्षात घ्यावे.

कॅमेरा आला आणि ही सवलत संपली. 1995 मध्ये ‘टफ’ बुटांची जाहिरात प्रसिद्ध झाली. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे, पायात फक्त बूट, अंगाभोवती अजगर. छायाचित्रकार होते प्रबुद्ध दासगुप्ता. मधू सप्रे मूळची नागपूरची, म्हणजे आमच्या विदर्भाची; 1992 ची मिस इंडिया. अश्लीलतेचा गुन्हा नोंदला गेला, अजगरामुळे वन्यजीव कायद्याचेही प्रकरण जोडले गेले. खटला छायाचित्रकारावर होताच, पण मॉडेलांवरही होता. सारे सुटले ते 2009 मध्ये, चौदा वर्षांनी. कॅनव्हासवरच्या आकृतीला चेहरा चित्रकार देतो. छायाचित्रातला चेहरा मॉडेलचा स्वतःचा असतो, आणि तो तिच्यासोबत घरी, बाजारात आणि न्यायालयातही जातो.

ते छायाचित्र कलाकृती म्हणून कसे आहे? आमच्या मते मध्यम. दोन देह एकमेकांना झाकतात ती रचना सुंदर आहे, प्रकाश संयत आहे. पण अजगर हा उगाच घातलेला दागिना वाटतो आणि एवढा सारा खटाटोप शेवटी बुटासाठी आहे हे नजरेआड होत नाही. दासगुप्तांची खरी ताकद पाहायची तर 1996 चे त्यांचे ‘विमेन’ पुस्तक पाहावे. तिथे विकायला काही नाही. शहरी भारतीय स्त्रिया आहेत, त्यांचे देह आहेत, आणि कॅमेरा त्यांना घाई करीत नाही. अश्लील म्हणून ज्यावर चौदा वर्षे वाद झाला ते काम दुय्यम आणि हे काम मोठे, असा उलटा हिशेब आहे.

मॉडेलची बाजू पडद्यावर आणली ती रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ने. 2017 च्या गोव्यातील महोत्सवासाठी परीक्षकांनी निवडलेला हा चित्रपट मंत्रालयाने यादीतून वगळला. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. 2018 मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. कल्याणी मुळे यांची यमुना जे. जे. कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसते, मुलाच्या शिक्षणासाठी, आणि मुलापासूनच लपवून. नसीरुद्दीन शाह यांच्या मलिक या चित्रकाराच्या तोंडी देह आणि आत्म्याविषयी सुरेख बोल आहेत. आम्हाला ते यमुनेच्या पैशांच्या हिशोबापुढे फिके वाटले. चित्रपट जिथे तिची भीती, तिचा पहिला दिवस, अक्काचा धीर दाखवतो तिथे तो अस्सल आहे. मुलाच्या तिरस्काराकडे वळला की यमुनेचे काम पुन्हा दुसऱ्याच्या नजरेतून दिसू लागते.

पदमसी उतारवयात स्वतः कॅमेऱ्याकडे वळले आणि त्यांनी मॉडेलांची विवस्त्र छायाचित्रे काढली. 2024 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने सात कलाकृती सोडून देण्याचा आदेश दिला. सीमाशुल्क विभागाने त्या अश्लील ठरवून जप्त केल्या होत्या. चार फ्रान्सिस न्यूटन सुझा यांच्या. तीन पदमसींच्या, एक रेखाचित्र आणि दोन छायाचित्रे. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकाल योग्यच. पदमसी तो ऐकायला नव्हते. 2020 मध्ये ते गेले. बातम्यांत चित्रकारांची नावे आली, विभागाचे आले. त्या दोन छायाचित्रांसमोर जी माणसे उभी राहिली होती त्यांचा उल्लेख आम्हाला कुठे दिसला नाही. नाव छापलेच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. न छापणे हाही त्यांचा हक्क असू शकतो, फक्त तो त्यांना विचारून ठरलेला असावा. व्यवसायात त्यासाठी लेखी संमतीपत्र असते. चित्र कुठे वापरणार आणि कुठे नाही, हे त्यात लिहिता येते. समीक्षकांनी हा कागद कलेबाहेरचा मानला आहे.

इथे कुडव्यात न्यूड छायाचित्रणाची चर्चा काढली तर लोक आमच्याकडेच संशयाने पाहतील. पण परीक्षेच्या अर्जासाठी मुलींचे फोटो काढायचे होते, तेव्हाची गोष्ट. डोक्यावर ओढणी, मागे पांढरा पडदा, पासपोर्ट आकाराचा साधा फोटो. एका मुलीची आई दारातच उभी राहिली होती. फोटो निघाला, मुलगी उठली, तरी ती हलेना. मग विचारले, “सर, ये फोटो किधर-किधर जाएगा?” आम्ही बोर्डाचे नाव घेतले. तिने पुन्हा विचारले, “और उसके बाद?”