‘छान झालाय’ हा अभिप्राय नव्हे

वर्गमित्राने लेख वाचायला दिला की आपण दोनपैकी एक करतो. ‘छान झालाय’ म्हणून परत देतो, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. त्याला दोन्हीचा फारसा उपयोग नाही. मग काय करायचं? माझ्या एका वर्गमित्राचा लेख घेऊन सांगते, त्याला विचारूनच. हा लेख तो पीएचडीच्या मुलाखतीत दाखवणार आहे.

विषय मोरगावचा. बारामती तालुक्यात कऱ्हेकाठच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडते, आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हातकुऱ्हाडीही. लेखाचा पहिला अर्धा भाग उत्तम आहे. कुठला थर कुठे संपतो, गोटे केवढे, राखेचा रंग कसा, सगळं डोळ्यांसमोर येतं. अभिप्रायात हे आधी लिहा आणि नेमकं लिहा. नाहीतर पुढच्या खर्ड्यात चांगला भागच कापला जातो.

गाडी अडते ती या वाक्यापाशी: ‘राख सुमात्रातल्या टोबाची, म्हणजे ७४ हजार वर्षांपूर्वीची, म्हणून हत्यारंही तेवढीच जुनी.’ यात तीन उड्या आहेत.

पहिली: टोबाचा मोठा उद्रेक एकदाच झालेला नाही. सर्वांत अलीकडचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, त्याआधीचा एक सुमारे ८ लाख. जुन्नर तालुक्यातल्या बोरीच्या राखेला अभ्यासकांनी सुमारे १४ लाख, ६.७ लाख आणि ७५ हजार अशी वेगवेगळी वयं दिली आहेत. हा वाद लेखात नाहीच.

दुसरी: राख नदीने वाहून आणून पुन्हा साठवली असेल, तर तो थर उद्रेकानंतर बराच उशिरा तयार झालेला असू शकतो. शिवाय तिच्यात सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुन्या बेसाल्टचे कण मिसळले, तर मोजलेलं वय फुगतं.

तिसरी: हत्यार राखेच्या वर मिळालं, खाली मिळालं, की ओढ्यात सुटं पडलेलं होतं? हे सांगितल्याशिवाय दोघांचं वय जोडता येत नाही.

शेवटी तो लिहितो, कऱ्हा नीरेला मिळते, नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला मिळते, म्हणून तिथेही हा थर असणार. ही शक्यता झाली, निष्कर्ष नव्हे. मी समासात एवढंच लिहिलं: ‘“असणार”ऐवजी “शोधायला हवा” लिही.’

तुम्हीही आक्षेप असे प्रश्नाच्या रूपात लिहा, आणि बोट थेट वाक्यावर ठेवा. ‘युक्तिवाद कमकुवत आहे’ एवढं वाचून कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही.

हा काथ्याकूट नाही. ७४ हजार की ८ लाख, यावर या खोऱ्यात हातकुऱ्हाडी करणारे मानव कधी वावरत होते, याचं उत्तर बदलतं. मुलाखतीत पहिला प्रश्न ‘टोबाचा कुठला उद्रेक?’ हाच येऊ शकतो. तो तिथे ऐकण्याआधी मित्राच्या तोंडून ऐकलेला बरा.