युद्धचित्रणातील समकालीन कलावंताची भूमिका : ‘क्वीन अँड कंट्री’च्या संदर्भात

युद्धाचे चित्रण म्हणजे रणभूमीचे चित्रण, ही धारणा समकालीन कलेने बदलली आहे. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमने स्टीव्ह मॅक्वीन यांना इराक युद्धासाठी अधिकृत युद्धकलावंत म्हणून नेमले. २००३ मध्ये ते इराकला गेले. मात्र सैनिकी बंदोबस्तात चित्रीकरणास पुरेसा वाव मिळाला नाही. पुढे ‘क्वीन अँड कंट्री’ (२००७) या कलाकृतीत त्यांनी तेथे मृत्यू पावलेल्या ब्रिटिश सैनिकांची, कुटुंबीयांनी निवडलेली छायाचित्रे टपाल तिकिटांच्या रूपात लाकडी कपाटात मांडली. प्रत्येक तिकिटावर राणीची छायाकृती आहे. ज्या राज्यसत्तेसाठी सैनिक लढला, तिचीच मुद्रा त्याच्या चेहऱ्याशेजारी उमटते. ही तिकिटे प्रत्यक्ष वापरात यावीत, असा मॅक्वीन यांचा आग्रह होता. रॉयल मेलने ती काढली नाहीत. राष्ट्राला हुतात्मा स्मारकात चालतो, दैनंदिन व्यवहारात नको असतो, हेच या नकारातून दिसून येते.

तथापि या कलाकृतीची मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. मृत इराकी नागरिकाला येथे चेहरा नाही. अधिकृत नेमणूक कलावंताला युद्धाजवळ नेते. परंतु शोकाची व्याप्तीही बऱ्याच अंशी तीच ठरवते. म्हणूनच अशा कलेचे मूल्यमापन करताना तिने कोणाला वगळले, हा प्रश्नही विचारला पाहिजे.