पार्श्वसंगीत, चित्रपटातील

चित्रपटातील दृश्ये व संवाद यांच्या जोडीने योजिलेले आणि कथनास साहाय्यभूत होणारे संगीत. पडद्यावरील पात्रांना जे ऐकू येते ते कथांतर्गत आणि केवळ प्रेक्षकांना जे ऐकू येते ते कथाबाह्य, असे त्याचे दोन प्रकार करता येतात. चित्रपटगीते सामान्यतः त्याहून वेगळी मानली जातात. तथापि गीत कथानकाचा दुवा बनते, तेव्हा तेही हेच कार्य करते. काय घडले ते दृश्य दाखविते. घडले त्याकडे कोणत्या भावाने पाहावयाचे ते संगीत सुचविते. त्याचे सामर्थ्य यात आहे आणि त्याच्या दुरुपयोगाचे मूळही यातच आहे.

मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात पियानो वा वाद्यवृंद यांची साथ असे. फ्रेंच संगीतकार काम्यी सँ-साँस याने १९०८ मध्ये एका मूकपटासाठी स्वतंत्र संगीतरचना केली. बोलपटांच्या युगात माक्स स्टाइनरने किंगकाँग (१९३३) या चित्रपटासाठी रचलेल्या संगीतामुळे मोठ्या वाद्यवृंदाची प्रथा हॉलिवुडमध्ये दृढ झाली. या पद्धतीत पात्राच्या पावलागणिक सूर उमटतो. म्हणजेच संगीत दृश्याचा अनुवाद करते. त्यामुळे परिणाम गडद होतो. परंतु कथनात नवी भर पडतेच असे नाही. ध्वनीने दृश्याची पुनरुक्ती न करता त्याच्याशी विसंवादी नाते जोडावे, असा विचार आयझेनस्टाइन, पुदोफ्किन व अलेक्सांद्रोफ या रशियन दिग्दर्शकांनी १९२८ मधील आपल्या निवेदनात मांडला होता.

दृश्यात नसलेली गोष्ट संगीत कशी सांगते, याची दोन उदाहरणे लक्षणीय आहेत. फ्रिट्स लांगच्या एम (१९३१) या जर्मन चित्रपटात कथाबाह्य संगीत नाही. बालकांचा खुनी मात्र ग्रीगची एक धून शिळेवर वाजवीत असतो. त्या शिळेवरून फुगे विकणारा एक अंध माणूस त्याला ओळखतो. येथे धून हा कथानकातील पुरावाच ठरतो. ॲल्फ्रेड हिचकॉकच्या सायको (१९६०) या चित्रपटात बर्नार्ड हरमनने केवळ तंतुवाद्ये वापरली. चोरलेली रक्कम घेऊन नायिका मोटार चालवीत असते, त्या प्रसंगी पडद्यावर एक स्त्री व रस्ता याखेरीज फारसे काही दिसत नाही. तिच्या मनातील भय व येऊ घातलेले संकट यांची जाणीव मुख्यतः संगीतच करून देते. स्नानगृहातील खुनाचा प्रसंग संगीताविना ठेवावा, असा हिचकॉकचा मूळ विचार होता. हरमनची रचना ऐकल्यावर त्याने तो बदलला.

भारतीय बोलपटाला संगीत नाटकाचा वारसा लाभला. आलम आरा (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटात सात गीते होती. नाटकातील पद कथा थांबवून रंगविले जाई. ती सवय चित्रपटातही उतरली. प्रभात फिल्म कंपनीच्या संत तुकाराम (१९३६) या चित्रपटाने मात्र ह्या सवयीचाच कथनासाठी उपयोग केला. तुकारामाचे साधे, आर्त गायन आणि सालोमालोचे नाटकी ढंगाचे गायन यांतील भेद श्रोत्याला दोघांच्या भक्तीतील अंतर सांगून जातो. त्यासाठी वेगळ्या संवादाची गरज उरत नाही. या चित्रपटाचे संगीतकार केशवराव भोळे यांनीच पुढे व्ही. शांताराम यांच्या कुंकू (१९३७) या चित्रपटाला संगीत दिले. त्यात कथाबाह्य संगीत कटाक्षाने टाळले असून प्रसंगातील स्वाभाविक ध्वनींवरच भर दिला आहे. नीरेच्या मनाविरुद्ध झालेल्या विवाहाची व्यथा सनई-सारंगीच्या करुण सुरांवाचूनही प्रेक्षकाला भिडते. वृद्ध पतीच्या घरातील घड्याळ तेथे वाद्यवृंदाहून अधिक बोलके ठरते.

सत्यजित राय यांच्या पथेर पांचाली (१९५५) या बंगाली चित्रपटात याहून वेगळा मार्ग दिसतो. परगावाहून परतलेला हरिहर दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो आणि सर्वजयेचा बांध फुटतो. तिचा हंबरडा ऐकू येत नाही; त्याच्या जागी तारशहनाईचे उंच, तीव्र स्वर येतात. पंडित रविशंकर यांच्या या संगीतात वाद्य शोकाला साथ देत नाही, तर शोकाचा आवाजच बनते. आक्रोश ऐकविण्याऐवजी त्याचे स्वरांत रूपांतर केल्याने प्रसंग एका कुटुंबापुरता उरत नाही.

संगीत काढून घेणे हेही संगीतयोजनेचेच अंग होय. नागराज मंजुळे यांच्या सैराट (२०१६) या चित्रपटात अजय-अतुल यांचे भव्य वाद्यवृंदाचे संगीत प्रेमिकांच्या स्वप्नाळू विश्वाला व्यापून असते. अखेरच्या प्रसंगात बालक मृत आईवडिलांपाशी येते, तेव्हा ध्वनीच लोपतो. आधीच्या संगीताने उभारलेले विश्व नष्ट झाल्याचे ही नि:शब्दता सांगते. पूर्वार्धात संगीताची समृद्धी नसती, तर शेवटच्या शांततेला हा अर्थ आला नसता.

दूरचित्रवाणी मालिकांत याउलट प्रवृत्ती आढळते. एकेका चेहऱ्यावर तोच तो ठोका वाजवून आश्चर्य, संशय वा क्रोध यांची घोषणा केली जाते. प्रेक्षकाला स्वतः जाणून घेण्यास अवकाश मिळत नाही आणि अभिनयाचे सूक्ष्म तपशीलही झाकोळतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या कथेत न सांगितलेल्या गोष्टीला जे स्थान असते, ते अशा कथनात संभवत नाही. म्हणून पार्श्वसंगीताचे मूल्यमापन त्याच्या माधुर्यावरून वा वाद्यसंख्येवरून करणे अपुरे ठरते. ते वगळल्यास कथेतील कोणता अर्थ हरवेल, हीच त्याची खरी कसोटी होय. ज्या संगीताच्या अभावी काहीच हरवत नाही, ते कितीही श्रवणीय असले, तरी कथनदृष्ट्या अलंकारापलीकडे जात नाही.