डोळे धारदार, हात धूसर

पेणकरपाड्यात आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली, मावशी राहते. इमिटेशन दागिन्यांवर खडे चिकटवायचं काम ती घरी आणते. डझनावर पैसे मिळतात. मध्यंतरी मी तिचे काम करतानाचे फोटो काढले, नव्या ऑटोफोकस लेन्सने, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून. फोनवर झूम केलं तर पापण्यांचा केसन् केस मोजता येत होता. मी खूश. मावशीने फोटो बोटाने वर सरकवला, खालचा भाग पाहिला आणि म्हणाली, "डोळे छान आलेत गं. पण मी करतेय काय, ते कुठे दिसतंय?"

चिमटा धूसर होता. खडा तर नुसता पांढरा ठिपका.

जुनी मॅन्युअल लेन्स शार्प की नवी ऑटोफोकस, हा वाद तुम्ही रील्समध्ये पाहिला असेलच. एक गट जुन्या काचेच्या 'कॅरेक्टर'वर फिदा, दुसरा नव्या काचेचे आकडे फेकतो. दोघंही 'किती शार्प' एवढंच विचारतात. मावशीने विचारलं होतं, 'कुठे शार्प'.

तरी आधी 'किती'चा हिशेब करू. मामाच्या जुन्या झेनिट कॅमेऱ्याची हेलिओस ४४-२ माझ्याकडे आहे. ५८ एमएम, एफ २, सोव्हिएत बनावटीची. रचना मूळ जर्मन झाइस बायोटारची. अॅडॅप्टर लावून ती माझ्या २४ मेगापिक्सेलच्या मिररलेसवर बसवली. समोर नवी ५० एमएम, एफ १.८. गच्चीवर ट्रायपॉड लावला आणि एका स्वच्छ सकाळी मेट्रोचे खांब, हायवेची होर्डिंग्ज, मागे नॅशनल पार्कचे डोंगर, असे सारखे फोटो काढले.

एफ २ ला सामना एकतर्फी झाला. हेलिओसमध्ये होर्डिंगवरच्या अक्षरांभोवती दुधाळ वलय येतं. काचेच्या कडेने आणि मधून येणारे किरण नेमके एका जागी मिळत नाहीत, म्हणून. सूर्य समोर आला की तिचं जुनं कोटिंगही हात टेकतं आणि सगळं चित्र फिकट होतं. पण अॅपर्चर लहान केलं की कडेचे किरण अडतात. एफ ५.६ ते ८ ला दोन्ही फोटोंतला फरक मला फक्त कोपऱ्यांत, तोही दुप्पट झूम करून सापडला. एफ १६ ला दोघीही मऊ पडल्या. डिफ्रॅक्शन जुनं-नवं बघत नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या काचेला बुरशी धरते आणि कॉन्ट्रास्ट जातो. बुरशी लागलेली लेन्स नव्या लेन्सशी भिडवून 'जुन्यात दम नाही' म्हणणं हा अन्याय आहे. आणि आपण हे सगळं बघतो कुठे? इन्स्टाग्रामच्या १०८० बाय १३५० पिक्सेलच्या पोस्टवर, म्हणजे दीड मेगापिक्सेलपेक्षाही कमी. २४ मधले जेमतेम दीड.

म्हणून 'कुठे' हा प्रश्न मला मोठा वाटतो. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि ऑटोफोकस एसएलआर घरोघरच्या हौशी लोकांपर्यंत पोचू लागला. त्याआधी फोकस म्हणजे बहुधा हाताचं काम. आजचा कॅमेरा फ्रेममध्ये डोळा शोधतो आणि तिथेच फोकस लावतो. डोळा महत्त्वाचा, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं.

दुसऱ्या वेळी मी हेलिओस घेऊन मावशीसमोर बसले. एफ ४. स्क्रीनवर चिमट्याचं टोक मोठं करून रिंग हळूहळू फिरवली. तिचा हात हलत होता; अकरा फोटो वाया गेले. बाराव्यात खडा, चिमटा आणि गोंदाने पांढरं झालेलं नख स्पष्ट आलं. चेहरा जरासा मऊ, तरी थकवा लपला नव्हता.

तुम्ही म्हणाल, ऑटोफोकसचा पॉइंट हातावर नेता आला असता. आला असता. पण कॅमेऱ्याने मला विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मॅन्युअल रिंग ते विचारायला लावते, इतकंच तिचं श्रेय. तिची भक्ती करायचं कारण नाही: मावशीचा नातू पॅसेजमध्ये धावत होता तेव्हा हेलिओसने वीसपैकी तीन फोटो दिले, ऑटोफोकसने सतरा.

सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रं नेटवर सापडतात, जरूर पाहा. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत माणूस आणि तो ज्यात उतरलाय तो कचरा, दोन्ही वाचता येतात. लेन्स कुठली होती, हे विचारायचं मला सुचलंही नाही. काय दिसायलाच हवं, हे त्यांनी ठरवलेलं आहे, ते मात्र लगेच कळतं.

मावशीच्या व्हॉट्सअॅप डीपीला अजून पहिलाच फोटो आहे, धारदार डोळ्यांचा. दुसरा तिने काम देणाऱ्याला पाठवला, दर वाढवून मागताना. दर अजून वाढलेला नाही. पण खडे किती बारीक आहेत ते त्याला आता नीट दिसलंय, असं ती म्हणते.