गावाचे गाणे कोणी सांभाळावे?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरचा समावेश आपल्या सर्जनशील नगरांच्या मालिकेत केला आणि ‘संगीताचे नगर’ हा मान त्या नगरास दिला. वाराणसीस हाच मान २०१५ साली व चेन्नईस २०१७ साली मिळाला होता. त्या वेळी आमची नेमणूक ग्वाल्हेरीस होती. कार्यालयात एकमेकांचे अभिनंदन झाले, चहा झाला, आणि चहा घेता घेता नुकत्याच बदलून आलेल्या एका सहकाऱ्याने सहज विचारले, “मग येत्या रविवारी गाणे ऐकावयास कोठे जावे?” प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर आम्हां कोणासच देता येईना. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, एवढे सर्वांना ठाऊक होते. डिसेंबर यावयास मात्र महिन्याहून अधिक अवकाश होता.

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला आहे. गावाचे संगीत म्हणजे नेमके काय, आणि ते वाढवावयाचे म्हणजे काय करावयाचे? आम्ही काही संगीतशास्त्राचे पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत कारकुनी करणारे, बदलीच्या हुकमासरशी बिऱ्हाड हलविणारे आणि जमेल तेथे गाणे ऐकणारे सामान्य श्रोते आहोत. तथापि या प्रश्नाचा जो विचार सभासमारंभांतून व वृत्तपत्रांतून मांडला जातो, तो आम्हांस अपुरा वाटतो. मोठा महोत्सव भरवावा, नामवंत कलावंत आणावेत, नगरास पदवी मिळवून द्यावी, म्हणजे तेथील संगीत आपोआप भरभराटीस येईल, असा हा विचार आहे. ग्वाल्हेरचाच इतिहास पाहिला, तर हा क्रम उलटा असल्याचे दिसून येते.

ग्वाल्हेर म्हटले की राजा मानसिंह तोमर, त्याने ध्रुपदास दिलेला आश्रय, तानसेन आणि पुढे शिंद्यांचा दरबार ही नावे ओघानेच येतात. ती यावीतही. राजाश्रयावाचून हद्दूखाँ व हस्सूखाँ यांच्यासारखे ख्यालगायक एका गावी स्थिरावले नसते, हे कोण नाकारील? परंतु राजाश्रय हा राजाच्या आयुष्याएवढाच, किंबहुना त्याच्या मर्जीएवढाच असतो. जयाजीराव शिंदे १८८६ साली निवर्तले. त्यानंतर याच घराण्याचे थोर गायक निसार हुसेनखाँ यांचा दरबारशी संबंध सुटला. अशा वेळी त्यांना आसरा कोणी दिला? शंकरराव पंडित या त्यांच्या मराठी शिष्याने त्यांना आपल्या घरी नेऊन ठेवले. एका ब्राह्मण गृहस्थाच्या घरी मुसलमान उस्ताद राहिले आणि त्या घरातील मुलांच्या कानांवर गाणे पडत राहिले. त्या मुलांपैकी एक कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९). त्यांनी १९१४ साली लष्करात जी गायनशाळा काढली, तीच पुढे शंकर गांधर्व महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आली.

या हकिकतीकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. दरबाराची दारे बंद झाल्यावर ग्वाल्हेरचे गाणे तरले ते एका मध्यमवर्गीय घरात. त्या घराने महोत्सव भरविला नाही. एका गुरूच्या दोन वेळच्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय केली, व त्याच्यापुढे शिकणारी मुले बसविली. गावाच्या संगीताचा पाया याहून निराळा असतो असे आम्हांस वाटत नाही.

दुसरा प्रयत्न दरबाराच्याच बाजूने झाला. माधवराव शिंदे यांच्या पाठिंब्याने व पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली माधव संगीत विद्यालय स्थापन झाले. राजाभैया पूंछवाले यांच्यासारख्या घरंदाज गायकांनी भातखंड्यांची स्वरलेखनपद्धती आत्मसात केली आणि फळ्यासमोर उभे राहून वर्गात शिकविण्याचे व्रत पत्करले. शाळेत गवई तयार होत नाहीत, हा या पद्धतीवरील आक्षेप जुना आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. चाळीस मिनिटांच्या तासात, पंधरा विद्यार्थ्यांच्या वर्गात, ख्यालाची बढत शिकविता येत नाही. ती गुरूच्या मागे तंबोरा धरून वर्षानुवर्षे बसल्यानेच येते. परंतु शाळेस याच मापाने मोजणे न्याय्य नव्हे. तानसेन झाला नाही तरी कानसेन व्हावा, असे आपल्याकडे म्हणतात. यमन व भूप यांतील भेद ओळखणारा दुकानदार, विलंबित एकतालाची सम सापडल्यावर मान हलविणारा शिक्षक, मुलीस तबलजीच्या साथीने गावयास बसविणारी गृहिणी ही शाळेची खरी कमाई होय. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. दरबार गेला, शाळा मात्र राहिल्या. २००८ साली राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने संगीत व कला यांचे विद्यापीठही तेथे निघाले. ज्या नगरीने हे सर्व पाहिले, तिच्यावर कानसेनांची उणीव भासण्याची वेळ का यावी?

आमच्या मते याचे एक कारण असे, की शिकणे आणि ऐकणे यांच्यामधला दुवा निखळला आहे. विद्यार्थी परीक्षा देतात, प्रमाणपत्रे मिळवितात. परंतु परीक्षकाखेरीज त्यांचे गाणे ऐकणारा कोणी नसतो. श्रोते महोत्सवास जातात. परंतु ज्या कलावंताचे नाव पूर्वी ऐकलेले नाही, त्याच्या गाण्याच्या वेळी ते बाहेर चहास उठतात. जी लहानशी बैठक या दोघांना एकत्र आणत असे, तीच दुर्मीळ होत चालली आहे.

तानसेन समारोहास आमचा विरोध आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १९२४ साली संस्थानाच्या आश्रयाने सुरू झालेल्या या उत्सवाचे शंभरावे पर्व डिसेंबर २०२४ मध्ये पार पडले. हजिऱ्यास महंमद घौस यांच्या कबरीजवळ तानसेनाची समाधी आहे. तेथे सकाळी शहनाई वाजते, ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मीलादही होतो. थंडीच्या त्या कोवळ्या उन्हात बसून मराठी कीर्तनपरंपरेतील हरिकथा तानसेनाच्या समाधीपाशी ऐकताना आम्हांस जे वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. परंतु समारोह हा कळस आहे. पाया खचला, तर कळसावर सोन्याचा पत्रा चढवून देऊळ टिकत नाही. चार-पाच दिवसांच्या उत्सवाने उरलेल्या तीनशे साठ दिवसांची भरपाई होत नाही. आणि त्या तीनशे साठ दिवसांतच शिक्षकास घरभाडे द्यावयाचे असते, सारंगियास मुलांचे शिक्षण करावयाचे असते.

याच संदर्भात जालंधरचे उदाहरण आठवते. तेथील हरिवल्लभ संगीत संमेलन १८७५ सालापासून चालत आले आहे. ते कोणा राजदरबाराने उभे केले नाही. देवी तलावापाशी एका साधूच्या समाधीभोवती जमणाऱ्या भाविकांनी व रसिकांनी ते जोपासले. पंजाबातील कडाक्याच्या थंडीत, पांघरुणे गुंडाळून, बिनतिकिटाने सामान्य माणसे तेथे गाणे ऐकत आली. या गावाचे आपणां मराठी माणसांवर एक ऋण आहे, ते आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? गदगचा एक मुलगा १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गाण्याच्या वेडाने घर सोडून निघाला. हिंडत हिंडत तो ग्वाल्हेरीस पोहोचला. हाफिज अलीखाँ यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालयात त्याची सोय झाली. पुढे तो जालंधरास गेला आणि भक्त मंगतराम या अंध ध्रुपदगायकांपाशी शिकत राहिला. संमेलनासाठी आलेल्या विनायकबुवा पटवर्धनांची तेथेच त्याच्याशी गाठ पडली. तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व असताना इतक्या दूर कशास आलास, अशा अर्थाचा उपदेश त्यांनी केला, आणि तो मुलगा परतला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. ज्या सवाई गंधर्व महोत्सवाची १९५३ साली पुण्यात सुरुवात झाली, आणि ज्याच्या आठवणीने आपण परगावी बसून व्याकूळ होतो, त्याच्या मुळाशी ग्वाल्हेरची एक शाळा व जालंधरचा एक वयोवृद्ध शिक्षक आहे. विनायकबुवांसारखे मोठे गवई त्या गावात वर्षातून एकदा येत. मंगतराम तेथे बारा महिने होते. मुलगा त्या गावी तग धरू शकला तो बारमाही शिक्षकामुळे. म्हणून त्याची विनायकबुवांशी गाठ पडली.

आता आमच्यावर एक आक्षेप येईल, व तो विचारात घेण्याजोगा आहे. स्थानिक कलावंतांचा दर्जा बेताचा असतो. केवळ गावातला म्हणून बेसूर गाणे का ऐकावे? कला ही काही धर्मादाय खाते नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. किंबहुना गावच्या कलावंताचे सर्वांत मोठे अहित त्याच्या टीकाकारांनी केलेले नाही; न ऐकता स्तुती करणाऱ्यांनी ते केले आहे. कार्यक्रमानंतर ‘सुरेख झाले हो’ असे म्हणून चपला शोधावयास जाणे, हा कलावंताचा अपमानच होय. अंतरा घाईने आटोपला, तान स्वच्छ आली नाही, रागाचे स्वरूप उभे राहण्यापूर्वीच द्रुतास आरंभ झाला, हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे. आणि जो पुढच्या महिन्यात पुन्हा ऐकावयास येणार आहे, त्यालाच ते सांगण्याचा अधिकार आहे. दर्जा हा अशा वारंवार ऐकण्यातून चढतो. वर्षातून एकदाच, तेही निवेदकाच्या भाषणानंतर, वीस मिनिटे गावयास मिळालेल्या माणसाकडून दर्जाची अपेक्षा करणे हे पोहण्याची संधी न देता पोहणाऱ्यास नावे ठेवण्यासारखे आहे.

येथे आमचा स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. ग्वाल्हेरीनंतर उत्तरेकडीलच दुसऱ्या एका गावी आमची बदली झाली. तेथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सव समितीवर आमची निवड झाली. कार्यक्रम ठरविण्याच्या सभेत दोन सूचना आल्या. महाराष्ट्रातून नाट्यसंगीताचा एक संच बोलवावा, ही पहिली. गावात पंचवीस वर्षे आपल्या मुलांना गाणे शिकविणाऱ्या एका बाईंची बैठक ठेवावी, ही दुसरी. संचाचे मानधन, प्रवास व निवास यांत वर्षाची बहुतेक वर्गणी खर्च होणार होती. तरीही सर्वांचे हात पहिल्या सूचनेस वर झाले, आणि त्यांत आमचाही हात होता. बाईंचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करावा, असा ठरावही एकमताने मंजूर झाला. सत्काराच्या वेळी बाई व्यासपीठावर आल्या. नमस्कार करून त्या एवढेच म्हणाल्या, “शाल घरी दोन आहेत. एक तंबोरा लावून बसविले असते, तर बरे वाटले असते.” लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर आम्ही व आणखी चार कुटुंबांनी मिळून एक लहानसा उपक्रम सुरू केला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकाच्या घरी बैठक होते. बाहेरच्या खोलीतील सोफा आत सरकवावयाचा, सतरंजी घालावयाची, ध्वनिवर्धक लावावयाचा नाही. गावातल्याच कलावंतास बोलवावयाचे, मग तो मराठी असो वा नसो. त्याचे आणि तबलजीचे मानधन आधी ठरवून, पाकिटात घालून, गाणे संपताच द्यावयाचे. ‘पुढे पाहू’ हे शब्द वर्ज्य. गाण्यानंतर कांदेपोहे होतात आणि गाण्याविषयी मोकळेपणाने बोलणे होते. पहिल्या बैठकीस नऊ श्रोते होते, त्यांत तीन लहान मुले. बाईंनी पूरिया धनाश्री गायिला. आवाज थकला होता, वरच्या षड्जास धाप लागत होती. परंतु कोमल ऋषभावरून षड्जावर येताना त्यांनी जी जागा घेतली, ती अद्यापि आमच्या कानांत आहे. पंचवीस वर्षे ज्या गावात त्या राहिल्या, त्या गावातील मराठी माणसांनी ती जागा ऐकलीच नव्हती.

हा उपक्रम फार मोठा आहे असा आमचा दावा नाही. कदाचित आमची बदली झाल्यावर तो बंदही पडेल. परंतु पाच कुटुंबांना परवडेल एवढ्या खर्चात एका शिक्षिकेस श्रोते मिळाले, एका तबलजीस नियमित साथ मिळाली, आणि तीन मुलांना गाणे हे समोर बसून ऐकावयाचे असते, हे कळले. युनेस्कोच्या पदवीने हे होत नाही. होऊही शकणार नाही. पदवी म्हणजे एखाद्या गावाने पूर्वी केलेल्या कामाची पावती. पुढचे काम त्या त्या वेळी तेथे राहणाऱ्यांनीच करावयाचे असते.

आणि आपण तेथे राहणारेच आहोत, हे आपण विसरतो. बदलीचा सरकारी माणूस प्रत्येक गाव हा मुक्काम समजतो. खरे घर पुण्यास वा नागपुरास, खरे गाणेही तिकडेच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्या काळी बदलीचे हुकूम नव्हते. गाण्यासाठी ते आपण होऊन घराबाहेर पडले, ग्वाल्हेर परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून शिकले, आणि ती विद्या त्यांनी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून ती पुन्हा उत्तरेस नेली. एकाने परगावाहून घेतले, दुसऱ्याने परगावास दिले. आपण मात्र सरकारी खर्चाने त्याच गावांत येऊन राहतो, आणि दोन्हींपैकी काहीच न करता सामान बांधतो. पुढच्या बदलीच्या गावी पोहोचल्यावर शाळा, दवाखाना व किराणा यांची चौकशी आपण करूच. तिच्याबरोबर आणखी एक चौकशी करावी, एवढीच विनंती आहे : या गावात गाणे कोण शिकविते, आणि त्यांचे शेवटचे गाणे कोणी, केव्हा ऐकले?