शिंकणारे कडे आणि सोळा निळे जीव

गेमच्या आधी ‘शैक्षणिक’ हे विशेषण आलं की माझा उत्साह निम्मा होतो. गणित बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की रडका चेहरा, दहा जमली की एक चांदणी. पाढ्यांची वहीच ती, फक्त रंगीत. ‘लॉजिकल जर्नी ऑफ द झूंबिनीज’ हा १९९६चा गेम (आमच्याकडे २०१५ची नवी आवृत्ती आहे) या जातीतला नाही. लेक झोपल्यावरही मी तो खेळत बसते. तेव्हा पुढचं कौतुक पालकाचं नाही, खेळाडूचं आहे.

झूंबिनी म्हणजे छोटे निळे जीव. ब्लोट नावाच्या लोकांनी त्यांचं बेट बळकावलंय आणि ते नवं घर शोधत निघालेत. केस, डोळे, नाक, पाय. प्रत्येकाचे पाच प्रकार, म्हणजे ६२५ वेगवेगळे चेहरे. प्रवास सोळा-सोळाच्या जथ्यानं.

वाटेत दोन पूल लागतात, त्यांच्या कड्यांना दगडी चेहरे. समजा वरच्याला लाल नाकाचं वावडं आहे. लाल नाकवाला पुलावर आला की कडा शिंकतो, पाहुणा उडून परत येतो आणि पुलाची एक खुंटी निखळते. खुंट्या सहाच. नियम काय, हे गेम कधीच सांगत नाही. ‘चूक’ असंही म्हणत नाही. नुसती शिंक. तीच माहिती आणि तिचीच किंमत! पिझ्झा मागणाऱ्या ट्रोलचंही तसंच: एक तर ‘अजून काहीतरी हवं’, नाहीतर ‘यात नको ते पडलंय’. यावरून त्याची आवड ताडायची. चांगल्या रहस्यकथेत मजा येते ती अशीच, आणि ती मुलांसाठी म्हणून पातळ केलेली नाही.

पण नियम शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी लागते. मी तशीच खेळते: नाक वेगळं, बाकी सगळं सारखं, असा एक पुढं ढकलायचा. लेकीला हे मंजूर नाही. तिनं प्रत्येकाला नाव दिलंय. आजोबा गेले त्याच पुलावरून आजी जाणार, मग कडा कितीही शिंको. गेमनं आधी प्रत्येकाला चेहरा दिला, मग त्याला चार गुणधर्मांत मोडायला सांगितलं. हा अंतर्विरोध रचणाऱ्यांच्या लक्षात होता की नाही, कुणास ठाऊक. मला तरी गेमचं सगळ्यात जिवंत अंग तेच वाटतं.

मागं राहिलेल्यांना इजा होत नाही, ते तळावर थांबतात. त्यांना पुन्हा नेता येतं, पण पुढच्या वेळी कड्यांचा नियम बदललेला असतो. म्हणजे तर्काच्या दृष्टीनं परत जाण्यात काही कमाई नाही. मी नवा जथा घेऊन पुढं निघाले असते. पण तळावर एक लाल नाकवाला आहे. त्याचं नाव बंड्या, आणि त्याला घेतल्याशिवाय तिला निघायचं नाही.