‘काय ऐकले’ आणि ‘का ऐकावे’ : मराठी संगीतविषयक लेखनातील श्रोत्याची साक्ष

प्रस्तावना :
आपण काय ऐकतो हे दुसऱ्याला सांगणे ही संगीतव्यवहारातील अतिशय जुनी आणि साधी कृती आहे. मैफलीहून परतलेला रसिक दुसऱ्या दिवशी ती कुणाला तरी सांगतोच. गायकाचे नाव, राग, चीज, साथीदार एवढा तपशील त्या सांगण्यात सहज येतो. अडचण सुरू होते ती ‘का’ या प्रश्नापाशी. ‘अप्रतिम’, ‘बहारदार’, ‘ब्रह्मानंदी टाळी लागली’ हे शब्द आवड व्यक्त करतात; आवडीचे कारण सांगत नाहीत. कारण सांगितल्याशिवाय आवड दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, केवळ तिची बातमी पोहोचते.

विसाव्या शतकातील मराठी संगीतविषयक लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, वामनराव देशपांडे आणि पु. ल. देशपांडे या चार लेखकांनी ‘का’ या प्रश्नाला चार निरनिराळ्या पद्धतींनी उत्तर दिले. त्या पद्धतींचे सामर्थ्य व मर्यादा पाहणे, आणि ध्वनिमुद्रण सर्वांच्या हाती आल्यावर त्यांची गरज संपली की वाढली याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. साक्षीदार श्रोता : गोविंदराव टेंबे
टेंबे (१८८१–१९५५) हे हार्मोनियमवादक, नट आणि ‘मानापमान’ (१९११) नाटकाचे संगीतकार. ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) हे त्यांचे पुस्तक वरवर पाहता आत्मकथन आहे. प्रत्यक्षात ते ऐकण्याचे चरित्र आहे. कोल्हापूर दरबारच्या आश्रयाला असलेल्या अल्लादियाखाँ यांचे गाणे त्यांनी जवळून ऐकले होते आणि पुढे त्यांचे चरित्रही लिहिले.

या लेखनाचे मोल एका वस्तुस्थितीमुळे वाढते. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांनी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचेही गाणे आज ऐकावयास मिळत नाही. अशा गायकांच्या बाबतीत आजच्या अभ्यासकापाशी दोनच साधने उरतात : शिष्यांच्या गळ्यात उतरलेली गायकी आणि श्रोत्यांनी सांगून ठेवलेले शब्द. म्हणजे आपण काय ऐकले आणि ते का भिडले हे टेंबे यांच्यासारख्या श्रोत्यांनी लिहून ठेवले नसते, तर एका मोठ्या परंपरेच्या आरंभाविषयी आपल्यापाशी आख्यायिकांपलीकडे फारसे काही राहिले नसते. या पद्धतीची मर्यादाही येथेच आहे. साक्ष पडताळून पाहण्याचा मार्ग वाचकाला उपलब्ध नाही. त्याला साक्षीदारावर विश्वास ठेवावा लागतो. टेंबे स्वतः कसलेले वादक असल्यामुळे तो विश्वास अनाठायी ठरत नाही, इतकेच म्हणता येते.

२. परीक्षक श्रोता : केशवराव भोळे
केशवराव भोळे (जन्म १८९६) यांच्या ‘आजचे प्रसिद्ध गायक’ (१९३३) या पुस्तकाच्या नावातील ‘आजचे’ हा शब्द लक्षणीय आहे. टेंबे यांचे बरेचसे लेखन स्मरणाचे आहे. भोळे मात्र हयात, गाजत असलेल्या गायकांविषयी, त्यांचे गाणे ऐकणाऱ्या वाचकांसाठी लिहीत होते. त्यांचे कारण लगेच तपासले जाणार होते. वाचक पुढच्या मैफलीला जाऊन ‘हे खरे की नाही’ ते ठरवू शकत होता. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकाला आणि ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) या प्रभातच्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या या रचनाकाराचे लक्ष आवाजाच्या जातीकडे व लगावाकडे विशेष असणे स्वाभाविक होते. ‘आवाजाची दुनिया’ (१९४८) हे त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नावही तेच सुचवते. आवड सांगताना न आवडलेलेही सांगावे लागते, हा परीक्षणाचा धर्म. दोष दाखविण्याची तयारी नसेल तर स्तुतीलाही वजन येत नाही.

३. आवडीकडून सिद्धान्ताकडे : वामनराव देशपांडे
‘घरंदाज गायकी’ (१९६१) हा या परंपरेतील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न होय. व्यवसायाने सनदी लेखापाल असलेल्या वामनरावांनी सुरेशबाबू माने आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे तालीम घेतली होती. एका गायकाच्या आवडीचे कारण न सांगता त्यांनी घराण्यांच्या सौंदर्यदृष्टींचेच कारण शोधले. स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून त्यांनी घराण्यांची मांडणी केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, आणि दोहोंचा समतोल साधणारे जयपूर मध्यावर.

या मांडणीवर आक्षेप घेता येतो. लेखकाला ज्या घराण्याची तालीम मिळाली त्याच घराण्याकडे समतोलाचे स्थान जाते. मग समतोल हा गुण आधी मानून जयपूर श्रेष्ठ ठरते, की जयपूर आधी आवडते म्हणून समतोल हा गुण ठरतो? हे वर्तुळ पुस्तकात पूर्णतः सुटत नाही. तथापि या आक्षेपातच पुस्तकाचे यश आहे. वामनरावांनी आपली आवड अशा शब्दांत मांडली की तिच्याशी वाद घालता येतो. ‘मला आवडते’ या विधानाशी वाद संभवत नाही. ‘स्वर आणि लय यांचा तोल येथे असा साधला जातो’ या विधानाशी संभवतो.

आज हा वाद ध्वनिमुद्रणांच्या साहाय्याने पुढे नेता येतो. अब्दुल करीमखाँ (किराणा), फैयाजखाँ (आग्रा) आणि केसरबाई केरकर (जयपूर) यांच्या तबकड्या उपलब्ध आहेत. मात्र येथे सावध राहावयास हवे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. एका स्वराच्या लगावाने मन वेधणारी गायकी तेवढ्या अवकाशातही आपला ठसा उमटवते. विलंबित आवर्तन सावकाश भरत नेणारी गायकी तेथे आकसते. म्हणून तबकडी हाही निःपक्षपाती पुरावा नव्हे. मैफल ऐकलेल्याचे शब्द आणि तबकडी ही दोन साधने परस्परांना तपासतात, तेव्हाच निष्कर्षाला आधार मिळतो.

४. जिव्हाळ्याचा श्रोता : पु. ल. देशपांडे
बालगंधर्व, केसरबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, वसंतराव देशपांडे यांच्याविषयी पु. लं.नी जे लिहिले त्यात गाण्याचे कारण गायकाच्या माणूसपणात शोधले जाते. स्वतः हार्मोनियम वाजविणाऱ्या या लेखकाला तांत्रिक परिभाषा अवगत होती; तरी तिचा भार त्यांनी वाचकावर टाकला नाही. परिणामी, राग न ओळखणारा वाचकही मैफलीच्या दारापर्यंत आला. संगीताच्या प्रसारात या लेखनाचा वाटा मोठा आहे. परंतु येथे एक धोका संभवतो. वाचक गायकाच्या स्वभावाच्या प्रेमात पडतो आणि गाणे ऐकण्याआधीच त्याचे मत तयार होते. ‘का ऐकावे’ याचे उत्तर ‘असा माणूस गातो म्हणून’ असे मिळाले, तर स्वरांचे कारण सांगावयाचे राहूनच जाते.

५. कारणाशिवायची आवड
चार लेखकांच्या या प्रयत्नांसमवेत एक वेगळा व्यवहारही वाढत होता. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमात श्रोते गाण्याची फर्माईश पत्राने कळवीत आणि निवेदक त्यांची नावे वाचून दाखवी. आवड जाहीर होई, तिच्या धन्याचे नावही जाहीर होई. कारण मात्र विचारले जात नसे.

१९७७ साली अमेरिकेने अवकाशात पाठविलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडी हे याच व्यवहाराचे टोकाचे उदाहरण मानता येईल. कार्ल सेगन यांच्या पुढाकाराने निवडलेल्या २७ संगीतरचनांत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. तिची शिफारस रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, दोन्ही याने निघाल्यानंतर, केसरबाईंचे निधन झाले. निवड करणाऱ्यांनी आपली कारणे १९७८ साली पुस्तकरूपाने मांडली. म्हणजे ‘काय’ अवकाशात गेले. ‘का’ पृथ्वीवर पुस्तकात राहिले. अज्ञात श्रोत्याला गाणे पाठविता आले, कारण पाठविता आले नाही. कारण पोहोचण्यासाठी दोघांची भाषा एक असावी लागते.

आज भ्रमणध्वनीवरून गाण्याचा दुवा क्षणात पुढे धाडता येतो. टेंबे यांच्या वाचकाला गाणे मिळत नव्हते, म्हणून शब्द अपरिहार्य होते. आता गाणेच मिळते, म्हणून शब्द अनावश्यक वाटू लागले आहेत. वस्तुतः पाठविणारा व घेणारा एकच भाषा बोलतात. तरीही दुवा जातो आणि कारण मागे राहते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, ध्वनिमुद्रणाच्या सुलभतेने श्रोत्याच्या साक्षीची गरज संपविलेली नाही. उलट ती साक्ष प्रथमच सर्वांना पडताळून पाहता येण्याजोगी केली आहे. प्रश्न भाषेच्या भवितव्याचाही आहे. लगाव, आस, मींड, उपज, बढत, आमद, भराव हे शब्द ‘का’चे उत्तर देताना वापरले जातात म्हणून जिवंत आहेत. कारण सांगणे थांबले की हे शब्द कोशात जातील, आणि ज्या गोष्टीला नाव उरले नाही ती पुढच्या श्रोत्याच्या कानाला जाणवेलच असे नाही.

महाविद्यालयीन पातळीवर यावर एक साधा उपाय शक्य आहे. विद्यार्थ्याने आवडीचे एक ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवावे, त्यातील नेमकी जागा दाखवावी आणि ती का आवडली हे मराठीत दहा ओळींत लिहावे. इतरांनी ते गाणे पुन्हा ऐकून त्या कारणाची परीक्षा करावी. ते गाणे ख्यालच असावे असा आग्रह नको. लावणी, अभंग, चित्रपटगीत कोणतेही चालेल. मराठी आणि संगीत या दोन विभागांनी मिळून हा उपक्रम चालविल्यास दोन्ही विषयांचा लाभ होईल.